परभणीकडच्या जुन्या वाड्यात आजोबांची विंचेस्टर रायफल सापडली. संग्रहासाठी ठेवता येईल का?

ठेवता येईल, पण परवान्यावरच. आजोबांचा परवाना शोधा. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे कागद उर्दूतही असू शकतात. ते रद्दीत टाकू नका. वारस म्हणून परवान्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज होतो. तोवर मात्र रायफल पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्या. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर साधारणपणे एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाची धरून. म्हणजे भिंतभर संग्रह आपल्याकडे शक्य नाही. 'जुनी आहे' एवढ्यावर परवान्यातून सूट मिळत नाही. सुटीसाठी बंदूक दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशीच असावी लागते.

आता रायफलीबद्दल, आणि हे मनापासून सांगतो. ट्रिगरभोवतीची कडी खाली-वर केली की रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि नवं काडतूस चढतं. १८९४ च्या मॉडेलमध्ये (रचना जॉन ब्राउनिंगची) काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात, बाहेरून दिसत नाहीत. म्हणून कडीला हात लावू नका, आधी परवानाधारक कारागिराकडून रायफल रिकामी करून घ्या. १९६४ पासून विंचेस्टर या अमेरिकन कंपनीने बनावट स्वस्त केली, त्यामुळे त्याआधीच्या रायफलींना संग्राहक जास्त मानतात. क्रमांकावरून काळ कळतो. लाकूड घासून पॉलिश, लोखंडाला नवा रंग, असलं काही करू नका. मूळ रूप गेलं की किंमतही गेली.

शिकारीचा विचार असेल तर तो सोडाच, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे.