फुटपाथचं काम चालूय, पण चालायचं कुठून? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या रस्त्यावर सुरक्षित फुटपाथ आणि सायकल ट्रॅकचं काम चालू आहे, म्हणजे चालू आहे असं म्हणायचं. एक लेन पत्रे लावून अडवलीय, आत चिटपाखरू दिसत नाही आणि बाहेर ऑफिसच्या वेळेला गाड्यांची ही रांग. काम करायचं नव्हतं तर रस्ता अडवला कशाला?

उत्तर : वैतागणारच तुम्ही. पण आत माणूस नाही म्हणजे काम बंदच आहे असं दरवेळी नसतं. काँक्रीट ओतल्यावर पहिला आठवडाभर तरी ते ओलं ठेवावं लागतं आणि त्याची ठरलेली ताकद मोजतात ती 28 दिवसांनी. माणसं त्यावरून बरीच आधी चालू शकतात, पण जिथून गाड्या आत वळणार तिथे घाई केली की तडे गेलेच म्हणून समजा.

खरी गोम मात्र जमिनीखाली असते. वरून बघायला काय, फुटपाथच तर करायचाय, पण खणलं की पाण्याची लाइन, विजेची केबल, ड्रेनेज, इंटरनेटच्या वायरी सगळं एकावर एक निघतं, बरं नकाशात एकीकडे दाखवलेलं असतं आणि सापडतं भलतीकडेच. मग ज्यांची केबल त्यांनी येऊन ती हलवायची, तोवर फुटपाथवाला ठेकेदार नुसता बसून. याला नाइलाज म्हणायला आम्ही तयार नाही. आधी दोन-चार ठिकाणी छोटे खड्डे घेऊन आणि रडारने जमीन तपासून यातलं बरंचसं कळतं. ते न करता अख्खा रस्ता एकदम उकरून ठेवायचा, कारण मशीन एकदाच आणलं की ठेकेदाराचं काम भागतं! तेव्हा 'काम कधी संपणार' हे विचारूच नका, त्याला 'लवकरच' हे उत्तर तयार असतं. विचारायचं असेल तर हे विचारा की मागचा तुकडा पूर्ण व्हायच्या आत पुढचा का उघडला, आणि खालच्या वायरी कोणी, कोणत्या तारखेपर्यंत हलवायच्या ते लेखी द्या.

प्रश्न : काम झाल्यावरही रस्ता अरुंदच राहणार म्हणे. मग ट्रॅफिक कायमचंच ना? गाडीवाल्यांनाच शिक्षा का?

उत्तर : शहरात गाड्या तुंबतात त्या बहुतेक करून चौकात, मधल्या पट्ट्यात नाही. त्यामुळे मधे रस्ता थोडा अरुंद झाला म्हणून पोचायला तेवढाच जास्त वेळ लागेल असं नसतं. कोपऱ्यावर फुटपाथ जरा पुढे काढला की ओलांडायचं अंतर कमी होतं आणि वळणाऱ्या गाडीला वेग कमी करावाच लागतो. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा असा की गाडीचा वेग ताशी 50 किलोमीटरवरून 65 वर गेला की समोरून धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो. आणि ट्रॅफिक म्हणाल तर ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2002 साली 11 देशांतली 70 च्या आसपास उदाहरणं तपासली होती, गाड्यांची जागा कमी केलेली. निम्म्या ठिकाणी आजूबाजूचे रस्ते धरूनसुद्धा 11 टक्क्यांहून जास्त गाड्या कमी झाल्या. लोक वेळ बदलतात, रस्ता बदलतात, काही फेऱ्या टाळतातच. सुरुवातीला गोंधळ होणार, ते काही टळत नाही.

प्रश्न : माझे वडील काठी टेकत चालतात. फुटपाथ बंद, बोर्डावर लिहिलंय 'पलीकडचा फुटपाथ वापरा', पण पलीकडे जायला क्रॉसिंगच नाही. त्यांना गाड्यांमधून चालावं लागतं.

उत्तर : या बाबतीत आम्ही ठेकेदाराची बाजू घेणार नाही. गाड्यांना डायव्हर्जनचे बाण, दिवे, झेंडा घेऊन माणूस, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय त्यांनी आपलं आपण बघायचं? तो बोर्ड आधीच्या क्रॉसिंगपाशीच हवा, म्हणजे माणूस अर्ध्यात जाऊन अडकत नाही. पलीकडे जाणं शक्य नसेल तर गाड्यांच्या लेनमधूनच पट्टा काढून तात्पुरती पायवाट द्यायची, मधे भक्कम कठडा, उंचसखल असेल तिथे रॅम्प. नुसती प्लास्टिकची पट्टी बांधून चालत नाही, ज्यांना दिसत नाही त्यांच्या काठीला ती लागतच नाही आणि माणूस सरळ चरात जातो. कठड्याला खाली जमिनीलगतही आडवी पट्टी पाहिजे. यासाठी गाड्यांची रांग आणखी थोडी वाढली तरी वाढू दे. तक्रार करताना बोर्ड आणि मागचं क्रॉसिंग यांचे दोन्ही फोटो तारीख-वेळेसकट जोडा, 'गैरसोय होते' असं मोघम लिहू नका, 'पायी जायला सुरक्षित वाट दिलेली नाही' असं लिहा.

प्रश्न : रात्रीच का नाही उरकत?

उत्तर : चौकातलं काम रात्रीच करावं. घरांसमोर फोडाफोडी करायची म्हणजे लोकांची झोप गेली. आणि रात्री मोकळा रस्ता बघून गाड्या सुसाट सुटतात, म्हणून कामाच्या जागी दिवे आणि चमकणारे पट्टे नसतील तर मजुरांचाच जीव धोक्यात.