यॅमल फाईल एका स्पेसवरून एवढी का रुसते?

तुम्ही विचारलंय की डॉकर कंपोजची (एकत्र चालणारे अनेक प्रोग्रॅम एका झटक्यात सुरू करणारं टूल) फाईल नेटवरून जशीच्या तशी कॉपी केली तरी एरर येतो, आणि हे यॅमल नक्की काय प्रकरण आहे. प्रकरण काही नाही हो, सेटिंग लिहून ठेवायची साधी टेक्स्ट फाईल, 2001 पासून आहे, फक्त जेसनसारखे (माहिती लिहायची अशीच दुसरी पद्धत) महिरपी कंस न लावता कोण कोणाच्या पोटात ते डावीकडच्या मोकळ्या जागेवरून ठरतं. म्हणजे 'वेब'च्या खाली 'पोर्ट्स' दोन स्पेस आत असेल तर ते वेबचं पोर, आणि चुकून त्याच्याच रेषेत आलं की झालं भावंड, मग डॉकर बोंबलणारच.

टॅब चालत नाही इथे, तुमचं घोडं बहुतेक तिथेच अडलंय, कारण दिसायला टॅब आणि स्पेस सारखेच (माझी एक अख्खी संध्याकाळ यातच गेलीये). व्हीएस कोड या एडिटरमधे खालच्या पट्टीत उजवीकडे इंडेंटेशनचं असतं, तिथे क्लिक करून टॅबचे स्पेस करून घ्या. कोलननंतर पण एक स्पेस हवीच.

अजून एक, व्हर्जन नंबर अवतरणचिन्हात टाका, नाहीतर पायथन भाषेचं 3.10 लिहिलं की यॅमल तो साधा आकडा समजून 3.1 करतं आणि तुम्ही बसता शोधत. नॉर्वेचा कोड एनओ (NO), तो तर यॅमलच्या जुन्या 1.1 आवृत्तीच्या नियमात चक्क 'नाही' म्हणून वाचला जायचा, 1.2 मधे ते काढलं पण पायथनची पायॅमल लायब्ररी अजून जुन्याच नियमाने चालते.