झाडू कोणाचा, रजिस्टर कोणाचे?

प्रश्न : आमच्या गावात (चांदूर रेल्वे तालुका) अनेक वर्षांपासून नोंदणीकृत सेवा मंडळ आहे व मी त्याचा सचिव आहे. रजिस्टरवर 46 सभासद आहेत; परंतु गेल्या ऑक्टोबरात ग्रामसफाईला 7 जण आले, आणि पाहुणे यायच्या दिवशी मात्र फोटोपुरते तीसेक जमले. कॉलेजची मुले प्रमाणपत्रासाठी येतात, तर एक गृहस्थ ग्रामपंचायतीवर डोळा ठेवून. याला सेवा म्हणावे काय? आणि नावापुरत्या सभासदांना कमी करावे काय? – एक सचिव

उत्तर : सचिवसाहेब, जय गुरुदेव. प्रथम ऑक्टोबराबद्दल. सोयाबीनची सोंगणी आणि मळणी चालू असताना, कापूसही वेचणीला येऊ लागलेला असताना, ज्याचे घर रोजमजुरीवर चालते त्याने सकाळ श्रमदानाला द्यायची म्हणजे त्या दिवसाची मजुरी सोडायची. तुमच्या गैरहजर मंडळींत असे किती आहेत, ते आधी पाहावे. 2016 साली वरूड तालुक्यातील गावे पाणलोटाच्या स्पर्धेत उतरली आणि माणसे चर खोदायला निघाली, ती उन्हाळ्यात. शेते तेव्हा रिकामी होती, याचा त्यात मोठा वाटा होता, असे मला वाटते.

हेतूंविषयी म्हणाल, तर क्लॅरी, स्नायडर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली स्वयंसेवकांच्या प्रेरणांची सहा गटांत मांडणी केली : मूल्ये, शिकण्याची इच्छा, ओळखीपाळखी, नोकरीधंद्याचा उपयोग, मनावरचे ओझे हलके करणे आणि स्वतःबद्दल बरे वाटणे. एकाच माणसात यांतील दोन-तीन सहज एकत्र नांदतात, आणि ज्याला जे हवे ते कामातून मिळाले तर तो टिकतो, हे त्या मांडणीतले आपल्या उपयोगाचे. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत 240 तास भरायचे असतात; ते भरायला आलेल्या मुलाला केवळ खुर्च्या मांडायला लावले, तर तास संपताच तो जाणारच. त्याच्याकडे गावातील विहिरींच्या पाणीपातळीची वही द्या. निवडणुकीवर डोळा असलेल्या गृहस्थांचे मला फारसे वावगे वाटत नाही, फक्त त्यांच्या हाती मंडळाचा हिशेब देऊ नये. गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करीत. झाडू धरणाऱ्यांपैकी कोण कीर्तनाच्या ओढीने आला, याची चौकशी कोणी केली असेल असे वाटत नाही.

मला खटकते ते निराळेच. आमच्याकडील एका गावात सामुदायिक प्रार्थनेआधी एक आजी रोज सतरंजी अंथरीत. कडा फाटू नये म्हणून आधी तिचे दोन कोपरे दगडाखाली दाबायचे, मग ती ओढायची, ही त्यांची रीत. एकदा कोणा उत्साही तरुणाने ते काम आपल्याकडे घेतले, तेव्हा आजी चार दिवस आल्याच नाहीत. मी विचारले, तर म्हणाल्या, ‘‘मंग मी तठी कायले येऊ, बाप्पा?’’ सेवाभावात आपल्या हातचे काम असणे किती मोठे असते, हे मला तेव्हा कळले. आजींचे नाव मंडळाच्या रजिस्टरवर कधीच नव्हते.

आता तुमच्या 46 नावांचे. संस्था नोंदणी अधिनियम, 1860 यातील कलम 15 प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे त्याला मत देता येत नाही आणि त्या अधिनियमाखालील कामकाजात तो सभासद म्हणून गणलाही जात नाही. त्यामुळे आधी वर्गणीचे पुस्तक उघडावे. थकबाकीदारांना लेखी कळवून मुदत द्यावी आणि नाव कमी करायचेच झाल्यास तुमच्या घटनेत सांगितलेल्या रीतीनेच करावे. रागाच्या भरात एका सभेत तीस नावे खोडल्यास पुढे कार्यकारिणीतील बदल नोंदवण्यासाठी धर्मादाय कार्यालयात द्यायच्या फेरफार अर्जावर हरकती येऊन वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात. सफाईला न येणे हे नाव कमी करण्याचे कारण तुमच्या घटनेत नसेल, तर तो विचार सोडून द्यावा.

जे सातजण आले, त्यांत स्त्रिया किती होत्या आणि त्यांपैकी कितीजणी रजिस्टरवर आहेत, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. ते अवश्य कळवावे.