पांढरं दिसलं की निळी बाटली?

थंडी लागल्यापासून आलेल्या बहुतेक पत्रांत एक वाक्य ठरलेलं आहे: ‘माशाच्या अंगावर पांढरं आलंय, कुठलं औषध घालू?’ पांढरं हे काही रोगाचं नाव नव्हे. ठिपका आहे की पट्टा, कापूस आहे की दोरा, अंगभर आहे की एकाच जागी, हे आधी बघावं लागतं. खोलीतला दिवा मालवा, मोबाईलची टॉर्च काचेला बाजूनं लावा आणि दोन मिनिटं नुसतं बघत बसा. खाली दिलेली पत्रं निवडली ती असं बघून लिहिलेली आहेत म्हणूनच.

दोन फुटी टाकी आहे, त्यात मॉली आणि निऑन टेट्रा. डिसेंबरात सगळ्यांच्या अंगावर मीठ शिंपडल्यासारखे ठिपके आले. दुकानातून आणलेलं निळं औषध घातलं, तिसऱ्या दिवशी ठिपके गायब. औषध बंद केलं, तर आठ दिवसांत दुपटीनं आले. औषध नकली होतं का? (राजारामपुरी)

औषध कदाचित ठीकच असेल, तुम्ही लवकर थांबलात. याला दुकानात ‘व्हाइट स्पॉट’ किंवा ‘इक’ म्हणतात. करणारा जीव इक्थिओफ्थिरिअस मल्टिफिलिस. त्यातल्या ‘मल्टिफिलिस’चा अर्थ ‘पुष्कळ लेकरांचा’, आणि सगळी गोम त्या लेकरांतच आहे. तुम्हाला दिसतो तो ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली घर करून बसलेला परजीवी. तिथं त्याला पाण्यातलं औषध पोचत नाही. पोट भरलं की तो आपणहून मासा सोडतो, तळाशी जाऊन स्वतःभोवती आवरण करतो आणि आत दुभंगत दुभंगत त्याची शेकडो पिल्लं होतात. ही पिल्लं बाहेर पडली की साधारण दोन दिवसांत त्यांना मासा गाठावा लागतो, नाहीतर ती मरतात. औषधाचा मारा चालतो तो फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. तिसऱ्या दिवशी तुमचे ठिपके गेले ते औषधानं नव्हे. पाहुणे जेवून उठले होते, इतकंच.

पंचवीस अंशांच्या आसपास हे चक्र साधारण आठवड्यात पुरं होतं, गार पाण्यात कितीतरी लांबतं. म्हणून हिटरनं पाणी हळूहळू, दिवसाला एकदोन अंश करत, २९-३० पर्यंत न्या. चक्र भराभर फिरतं आणि पिल्लं औषधाच्या तावडीत सापडतात. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, तेव्हा हवेचा पंप चोवीस तास चालू हवा. शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर उपचार सोडू नका. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर काढा, तो औषध शोषून घेतो. औषध मॅलाकाइट ग्रीनचं असेल तर टेट्रांना निम्म्या मात्रेनं सुरुवात करा आणि स्वतः हातमोजे घाला.

मात्रा ठरवताना एक हिशेब हमखास चुकतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी म्हणजे ६० गुणिले ३० गुणिले ३० भागिले १,०००, अर्थात ५४ लिटर. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली की पाणी उरतं ४५ लिटरच्या आत-बाहेर. बाटलीवरची मात्रा या आकड्याला लावा.

आणि हे डिसेंबरातच का? आपल्याकडे दुपारी ऊन चटकतं आणि पहाटे स्वेटर लागतो. त्यात बिल वाचवायला रात्री हिटर बंद करणारी मंडळी आहेत! एका रात्रीत पाणी पाचसहा अंशांनी उतरलं की माशाची प्रतिकारशक्ती ढासळते. हिटर बंद करायचाच असेल तर दुपारी करा.

डॉक्टर, आमच्या गोल्डफिशच्या गालफडावर पांढऱ्या बारीक पुळ्या आल्यात. महिना झाला मिथिलीन ब्ल्यू घालतोय, एक बी कमी हुईना. मासा खातोय पितोय, दुसऱ्या मागं पळतोय. काय करू सांगा की. (मंगळवार पेठ)

औषध बंद करा. तुमचा नर वयात आलाय.

विणीच्या हंगामात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेवर अशा पुळ्या येतात, परावर तर अगदी ओळीनं. इकचे ठिपके असा हिशेब पाळत नाहीत. ते शेपटीवर, पाठीवर, कुठंही उठतात आणि रोज वाढतात. दुसऱ्या माशामागं पळणं हीही त्याच हंगामातली खूण. मात्र महिनाभर मिथिलीन ब्ल्यू पडल्यानं फिल्टरमधले, माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू मेले असतील, त्यामुळं अमोनिया तपासा आणि दोन-तीन दिवसांआड पाव टाकी पाणी बदला. पाणी नळाचं असेल तर अँटी-क्लोरीन घालूनच. आणखी एक: येत्या काही दिवसांत अंगावर काळे डाग दिसले तर घाबरू नका. अमोनियानं भाजलेली कातडी भरून येताना गोल्डफिशवर असे डाग पडतात.

मॉलीच्या तोंडाला कापूस आणि पाठीवर पांढरट पट्टा आलाय. बुरशी समजून हिटर ३१ वर नेला, मीठही घातलं. तरी रोज एक मासा जातोय. (कसबा बावडा)

पत्र वाचल्या वाचल्या पहिलं काम: हिटर खाली आणा. एकदम नको, पण आजच सुरुवात करा आणि २४-२५ वर थांबा.

तुमचं वर्णन कॉलमनॅरिसशी जुळतं. हा फ्लॅव्होबॅक्टेरियम कॉलमनेअर नावाचा जिवाणू. दिसतो बुरशीसारखा, पण बुरशीच्या औषधाला दाद देत नाही, आणि ऊब तर त्याला फारच मानवते. पाठीवरच्या परापासून दोन्ही बाजूंना उतरणारा पांढरट पट्टा घोड्यावर खोगीर टाकल्यासारखा दिसतो, ती याची ओळख. खरी बुरशी, म्हणजे सॅप्रोलेग्निया, बहुधा आधीच्या जखमेवर बसते. तिचे धागे लांब असतात आणि टॉर्चच्या उजेडात पाण्याबरोबर हलताना दिसतात. कॉलमनॅरिसचा थर आखूड, चपटा, कडेला कधी पिवळसर. वेगातही फरक आहे. बुरशी दिवसादिवसानं पसरते, हा आजार जोर धरला तर एकदोन दिवसांत मासा नेतो.

हे मी शिकलो ते एका मित्राच्या टाकीवर. नवा नवा होतो, पांढरं दिसलं, इक समजून पाणी तापवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अकरा मॉलींपैकी दोन उरल्या. मित्र काही बोलला नाही, पण पुढं बरेच महिने त्यानं मला टाकीजवळ उभं केलं नाही.

आजारी मासे वेगळ्या भांड्यात काढा, मोठ्या टाकीतलं एक तृतीयांश पाणी बदला, पंप वाढवा, खाणं कमी करा. जाळी आणि पाईप दोन्हीकडं एकच वापरू नका. याला प्रतिजैविक लागतं आणि ते पशुवैद्यकाच्या सल्ल्यानंच द्या. घरातली टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकीत टाकणारे बरेच भेटतात. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ते औषध बांधून ठेवतं, मग पाणी पिवळं होतं, फेस येतो आणि जिवाणू तसाच राहतो. मासा खात असेल तर खाण्यातून दिलेलं औषध जास्त कामी येतं.

हळद लावली तर चालेल का? (शाहूपुरी)

नको. पाण्यात पावडर गढूळपणा करते आणि कल्ल्यांत अडकते. घरचं औषध हवंच असेल तर खडेमीठ घ्या: लिटरला एक ते दोन ग्रॅम, पाण्यात विरघळवून, दिवसभरात तीन हप्त्यांत. मॉलींना ते आवडतं. कोरीडोरससारख्या मांजरमाशांना आणि टाकीतल्या बऱ्याच वनस्पतींना सोसत नाही. विहिरीत टाकायचं जांभळं पोटॅशियम परमँगनेट मात्र चिमटीनं मोजू नका. जरा जास्त झालं की कल्ले जळतात.

पन्हाळ्याच्या पायथ्याला शेतघर आहे, तिथल्या हौदात कोय मासे आहेत. तिघांच्या अंगातून पांढरट दोरा लोंबतोय, मुळाशी लाल झालंय. मीठ घातलं, फरक नाही. (वाचक, जोतिबा रोड)

हा लर्निया, बोलीत ‘अँकर वर्म’. नावात वर्म असलं तरी हा झिंग्याच्या जातकुळीतला प्राणी. मादी डोक्याकडचा नांगर मांसात रोवते आणि बाहेर लोंबतं ते तिचं अंग. ओल्या फडक्यात मासा धरून चिमट्यानं मुळाशी पकडा, सावकाश ओढा, जखमेवर पोव्हिडोन आयोडिनचा बोळा टेकवा, कल्ल्यांना लागू देऊ नका. एवढ्यानं भागत नाही, कारण पाण्यात पिल्लं असतात. त्यासाठी डायफ्लुबेन्झुरॉनसारखं, कात टाकू न देणारं औषध लागतं आणि ते आठवड्याच्या अंतरानं तीन-चार वेळा द्यावं लागतं. हौदाचं पाणी ओढ्याला जात असेल तर हे वापरू नका, तिथले झिंगे आणि खेकडे मरतील. नवे मासे आणले की तीन-चार आठवडे वेगळ्या टबात ठेवा. हा पाहुणा बहुतेक वेळा त्यांच्याबरोबरच येतो.

टाकी साफ करताना बोट कापलं होतं. जखम भरली, पण महिन्याभरानं तिथं लालसर गाठ आलीय, दुखत नाही. माशांच्या अंगावरही फोड आहेत. संबंध असेल का? (लक्ष्मीपुरी)

असू शकतो. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयाच्या जिवाणूचा नातलग माशांत आढळतो आणि कापलेल्या कातडीतून माणसात शिरतो. गाठ उठायला कित्येक आठवडे लागतात, त्यामुळं टाकीची आठवणही राहत नाही. माणसाचा हा आजार बरा होतो, पण औषध काही महिने घ्यावं लागतं आणि साध्या मलमानं भागत नाही. तोवर टाकीत हात घालू नका, दुसऱ्या कुणाला साफ करायला सांगितलं तर त्याला कोपरापर्यंतचे हातमोजे द्या, आणि तोंडानं पाईप ओढून पाणी काढणं बंद करा. त्वचारोगतज्ज्ञाकडं या आठवड्यातच जा. गेल्यावर ‘माझ्याकडं माशांची टाकी आहे’ हे आधी सांगा, ते विचारतीलच असं नाही.