वाचकांचे प्रश्न : आमचा धर्मग्राम कोणता?

प्रश्न : आम्ही मूळचे श्रीरामपूर तालुक्यातले. मुलाच्या नोकरीमुळे गेल्या जूनपासून वडगाव शेरीला भाड्याने राहतो. गावी मिस्सा (कॅथलिकांची वेदीवरची सामूहिक उपासना) मराठीत होई आणि देवळात कोण आले नाही हे सगळ्यांच्या लक्षात येई. येथे घराजवळच्या चर्चमध्ये आम्हांला सोयीची असलेली मिस्सा इंग्रजीत असते. नातवंडांना ती समजते, सासूबाईंना समजत नाही. मुलगा म्हणतो, लांबच्या एका चर्चमध्ये मराठी मिस्सा असते, तेथेच जात जाऊ. मग आमचा धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे एका चर्चचा परिसर आणि तेथील भाविक) कोणता समजायचा? आणि खरे सांगायचे तर इतक्या महिन्यांत आमची कोणी विचारपूसही केलेली नाही.
– एक भगिनी, वडगाव शेरी

उत्तर : मिस्सा कोठे ऐकायची आणि आपला धर्मग्राम कोणता, हे दोन वेगळे प्रश्न आहेत; पुण्यात नव्याने आलेली बहुतेक कुटुंबे ते एकत्र करतात आणि मग दोन्हीकडे पाहुण्यासारखी वावरतात. 1983च्या धर्मसंहितेनुसार (कॅथलिक चर्चच्या कायद्यांच्या संग्रहानुसार) धर्मग्राम सामान्यतः हद्दीवरून ठरतो, म्हणजे तुम्ही ज्या रस्त्यावर, ज्या सोसायटीत राहता ती ज्या चर्चच्या हद्दीत येते तो तुमचा धर्मग्राम, मग तेथील गायन तुम्हांला आवडो अथवा न आवडो. (केरळकडील सिरो-मलबार विधीच्या मंडळींची व्यवस्था वेगळी आहे, तो तुमचा प्रश्न नाही.) रविवारच्या मिस्सेचे बंधन मात्र हद्दीला बांधलेले नाही. रविवारी किंवा शनिवारी संध्याकाळी, कोणत्याही कॅथलिक चर्चमध्ये, कोणत्याही भाषेत मिस्सेत भाग घेतला तरी ते पाळले जाते. तेव्हा सासूबाईंना रिक्षाने मराठी मिस्सेला नेण्यात काहीही गैर नाही, आणि त्यांना तुम्ही जरूर न्यावे असे मी म्हणेन.

सासूबाईंची अडचण समजत नाही असे म्हणणाऱ्यांना एक आठवण करून द्यायला हवी. स्थानिक भाषांना मिस्सेत वाट मिळाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर 1963मध्ये उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केल्यानंतर. त्याआधी नगरच्या खेड्यांतही वेदीवरची भाषा लॅटिन होती. माझी आई सांगत असे की, फादर वेदीकडे तोंड करून लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणत आणि मागे बसलेल्या बायका मराठीत जपमाळ ओढत. दोघांचे संपले की मिस्सा संपली. ज्या पिढीने वयात आल्यावर प्रथमच वेदीवरून आपली भाषा ऐकली, तिच्या कानांवरून ती आता शहरात येऊन पुन्हा काढून घेणे बरे नव्हे. नातवंडांनी मात्र महिन्यातून एकदा तरी आजीबरोबर जावे, म्हणजे उपदेश इंग्रजीत समजतो पण ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ मराठीत येत नाही, अशी स्थिती होणार नाही.

आता नावनोंदणीबद्दल. घराजवळच्या चर्चच्या कार्यालयाची वेळ बाहेरच्या फलकावर लिहिलेली असते. तेथे सर्वांचे स्नानसंस्काराचे (बाप्तिस्म्याचे) दाखले, तुमच्या विवाहाचा दाखला आणि राहत्या पत्त्याचा पुरावा घेऊन जा आणि कुटुंबाचा फॉर्म भरा. मागणी नसली तरी जुन्या धर्मग्रामातील फादरांची चिठ्ठी असली तर बरे. हे काम तुम्ही पुढे ढकलू नये म्हणून स्वतःची चूक सांगते. आम्ही पुण्यात आलो तेव्हा मिस्सा कधी इकडे, कधी तिकडे अशी ऐकत राहिलो आणि अकरा वर्षे कोठेच नाव घातले नाही. धाकट्या मुलीचे लग्न ठरले तेव्हा ज्या चर्चच्या हद्दीत राहत होतो तेथील लेखनिकाने वही चाळून शांतपणे सांगितले, “या पत्त्यावर आमच्याकडे कोणी नाही.” त्यांचे चुकले नव्हते. मग मुलीच्या स्नानसंस्काराचा दाखला आणायला गावी जावे लागले, कारण घरात होता तो वीस वर्षांपूर्वीचा, आणि लग्नासाठी सहा महिन्यांच्या आत काढलेला नवा लागतो.

नवा का लागतो, हे अनेकांना ठाऊक नसते. ज्या धर्मग्रामात बाळाचा स्नानसंस्कार होतो तेथील वहीत त्याच्या नावासमोर समास सोडलेला असतो. पुढे दृढीकरण (श्रद्धा दृढ करणारा कन्फर्मेशनचा संस्कार) झाले, विवाह झाला, कोणी धर्मगुरू म्हणून दीक्षा घेतली, तर जेथे ते घडले तेथून मूळ धर्मग्रामाला कळवले जाते आणि त्या समासात नोंद होते. गावच्या फादरांनी मुलीचे पान उघडून दाखवले तेव्हा शेजारच्या ओळीत माझ्या चुलतभावाच्या विवाहाची नोंद होती, बारीक अक्षरात, वेगळ्या शाईत, नाशिकच्या एका चर्चच्या नावासकट. ताजा दाखला म्हणजे त्या समासाची ताजी नक्कल. माणूस आधीच विवाहित नाही ना, हे त्यावरून कळते. तेव्हा तुम्ही कोठेही राहा, तुमची एक ओळ तुमच्या गावच्या वहीत जिवंत आहे. तिला पुण्यातील पत्ता जोडणे एवढेच काम आहे.

विचारपूस झाली नाही, ही तुमची तक्रार रास्त आहे. शहरातील चर्चमध्ये एका मिस्सेचे लोक बाहेर पडत असतानाच दुसऱ्या मिस्सेचे आत येत असतात, आणि दुचाकी काढण्याच्या घाईत ओळख होत नाही. फादर दारात उभे असतात, पण त्या दहा मिनिटांत त्यांना शंभर हात जोडायचे असतात. माझा अनुभव असा की ओळख रविवारी होत नाही, ती आठवड्यात होते. प्रत्येक धर्मग्रामाचे विभागवार गट असतात. फॉर्म भरला की तुमच्या विभागाचा प्रमुख कोण ते विचारा. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. त्या महिन्यात बऱ्याच धर्मग्रामांत मरियामातेची मूर्ती रोज संध्याकाळी एका घरून दुसऱ्या घरी जाते. ज्यांच्या घरी ती येते ते टेबलावर पांढरे कापड घालतात, दोन मेणबत्त्या लावतात, आणि वीस-पंचवीस माणसे चपला जिन्यात काढून दाटीवाटीने बसतात. जपमाळेच्या पाच रहस्यांतले (ख्रिस्त व मरियेच्या जीवनातील पाच प्रसंगांतले) एक मराठीत, एक कोकणीत, एक इंग्रजीत, एक तमिळमध्ये असे होते. दहा वेळा ‘नमो मरिया’ कोणत्या भाषेत चालले आहे हे न कळताही कोठवर आले ते मण्यांवरून कळते. सासूबाईंना तेथे अवश्य न्या. त्यांना तोंडपाठ असलेली प्रार्थना शहरातील मुलांना पुस्तकात पाहून म्हणावी लागते, हे पाहून त्यांचा संकोच पहिल्याच दिवशी जाईल.

आणखी एक गोष्ट. क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च हे पुण्यातील सर्वांत जुने कॅथलिक चर्च. 1792मध्ये सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात त्यासाठी जागा मिळाली ती पेशव्यांच्या फौजेत चाकरीला असलेल्या गोव्याकडच्या ख्रिस्ती लोकांमुळे. या शहरातला पहिला धर्मग्रामच नोकरीसाठी बाहेरून आलेल्यांचा होता. तुम्ही पाहुण्या नाही.

प्रश्न : माझ्या सहकाऱ्याच्या मुलीच्या ‘पहिल्या कम्युनियन’चे आमंत्रण आहे. आम्ही हिंदू आहोत. चर्चमध्ये चपला काढायच्या का, केव्हा उभे राहायचे, आणि प्रसाद दिला तर घ्यायचा का? न घेतल्यास त्यांना वाईट वाटेल का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. वेदीवरून दिले जाते त्याला काही जण ‘प्रसाद’ म्हणत असले तरी तुमच्या मनातील प्रसादाशी त्याची बरोबरी करू नका. देवळातला प्रसाद येणाऱ्या प्रत्येकासाठी असतो आणि नाकारणे अवमान ठरते. येथे उलट आहे. गव्हाच्या पातळ गोल भाकरीच्या रूपात ख्रिस्तच स्वीकारला जातो अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे, म्हणून तो कॅथलिक स्नानसंस्कार झालेल्यांनी, मनाची तयारी करून आणि किमान एक तास उपवास पाळून घ्यायचा असतो. रांग निघाली की तुम्ही जागेवर बसून राहा. कोणालाही वाईट वाटणार नाही; उलट तुम्ही न कळता हात पुढे केलात तर फादरांना अवघड होईल आणि यजमानांना त्याहून अधिक.

चपला काढण्याची सक्ती नाही. 1969मध्ये रोमने भारतातील उपासनेसाठी बारा बदलांना परवानगी दिली. त्यांत जमिनीवर बसणे, पादत्राणे काढणे, गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून वाकणे, आरती, असे प्रकार होते. ही मुभा होती, नियम नव्हता, त्यामुळे आश्रमांत तुम्हांला बैठक दिसेल आणि शहरातील चर्चमध्ये बाके व बूट. शांतीचे अभिवादन करायला सांगतात तेव्हा शेजारी तुमच्याकडे वळून नमस्कार करील, तुम्हीही करा.

उठण्या-बसण्याची काळजी नको, पुढच्या बाकाकडे पाहून चालते. सर्व जण गुडघे टेकतात तेव्हा तुम्ही शांत बसलात तरी पुरे. जमल्यास मध्यावर बसा, अगदी मागे नको, कारण पाहण्यासारखे बरेच बारीक घडते. अर्पणाच्या वेळी वेदीसेवक मुले दोन लहान झाऱ्या आणतात. फादर चषकात द्राक्षारस ओततात आणि त्यात पाण्याचे एक-दोन थेंब घालतात. मग तोच मुलगा त्यांच्या बोटांवर पाणी ओततो. कम्युनियन झाल्यावर फादर ताटलीतील कण बोटाने चषकात झटकतात, त्यात पाणी घालतात, ते पितात, आणि घडी घातलेल्या पांढऱ्या कापडाने चषक आतून पुसतात. एक कणही वाया जाऊ नये म्हणून चाललेली ती धांदल नसलेली काळजी पाहिली की वर सांगितलेले सारे शब्दांवाचून कळेल. तुमच्या सहकाऱ्याची मुलगी बहुधा आठ-नऊ वर्षांची असेल आणि वर्षभर रविवारच्या धर्मशिक्षणाला बसली असेल. आदल्या आठवड्यात तिचे पहिले पापनिवेदनही झाले असेल. भेट म्हणून पुस्तक द्या. जपमाळा तिला आठ तरी मिळतील.

प्रश्न : आमच्या चर्चमध्ये रोजच्या मिस्सेआधी मृतांची, आजारी माणसांची नावे वाचतात आणि त्यासाठी पैसे घेतात. प्रार्थनेला दर लावणे योग्य आहे का?
– एक वाचक, खडकी

उत्तर : तुमचा रोख कळला आणि तो अगदीच निराधार नाही, काही कार्यालयांत ते काम पावती फाडण्यासारखे होते खरे. पण व्यवस्था तशी नाही. मिस्सा विकत मिळत नाही. तुम्ही देता ते धर्मगुरूच्या चरितार्थासाठी आणि चर्चच्या कामासाठी दिलेले अर्पण असते, आणि किती द्यायचे हे त्या प्रांतातील बिशपांनी ठरवलेले असते, म्हणजे कोणा फादरांनी मनाला येईल ते मागू नये. धर्मसंहितेने लोभाला आणखीही कुंपण घातले आहे. एका दिवशी दोन-तीन मिस्सा केल्या तरी धर्मगुरूला स्वतःकडे एकाच मिस्सेचे अर्पण ठेवता येते, नाताळचा दिवस सोडून. वर्षभरात पार पडणार नाहीत इतक्या मिस्सांची अर्पणे घेता येत नाहीत. आणि गरिबांसाठी अर्पणाशिवायही मिस्सा करावी, अशी स्पष्ट शिफारस आहे. तेव्हा हातात पैसे नसतील तर नाव तसेच सांगा. नाकारले गेल्यास मुख्य धर्मगुरूंशी बोला.

एरवी, सकाळी साडेसहाच्या मिस्सेला येणारी पंधरा-वीस माणसे एकदा पाहा. निम्मे जण त्या दिवशी वाचलेल्या नावाचे नातलग असतात. उरलेले रोजचेच, आणि त्या अनोळखी नावासाठी तेही प्रार्थना म्हणतात.

प्रश्न : वेदीजवळचा लाल दिवा रात्रंदिवस का जळतो? गेल्या वर्षी उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) तो विझलेला पाहून मी सेवकाला सांगायला गेले, तर तो हसला.
– एक वाचक, वानवडी

उत्तर : वेदीमागच्या कुलूपबंद पेटीत पवित्र ख्रिस्तशरीर, म्हणजे कम्युनियनची पवित्र केलेली भाकर, ठेवलेले आहे, याची ती खूण आहे, आजाऱ्यांकडे न्यावयाचे ते तेथूनच नेतात. पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेपूर्वी ही पेटी रिकामी करतात, रात्री वेदीवरचे कापडही काढतात आणि पेटीचे दार उघडे ठेवतात. आत काही नाही, म्हणून दिवाही नाही. त्याने हसायला नको होते, पण दिवा विझवला होता तो त्यानेच, आणि शनिवारी रात्री पुनरुत्थानाच्या मिस्सेनंतर तो पुन्हा लावायचा हेही त्याच्याच कामात येते.