घरी बनवलेल्या टेबलाची लाकडी फळी मधोमध का तडकली? आता काय करू?

वरची फळी खालच्या चौकटीला चारही बाजूंनी गोंद आणि स्क्रूने जखडली असणार. मग ती तडकणारच, लाकूडवाल्याला दोष देऊ नका.

लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. लांबीत हा फरक जवळपास नसतोच; रुंदीत मात्र 60 सेंटीमीटरच्या फळीत 4-5 मिलिमीटर सहज पडतो. फळीला आकसायचं असतं, चौकट हलू देत नाही, मग ती कमजोर रेषेवर फाटते. पॉलिशने हे थांबत नाही, फक्त मंदावतं.

चिरेत पुट्टी भरू नका, हवा बदलली की ती बाहेर येईल. फळी सोडवा, चिरेवरूनच उभी कापून दोन तुकडे करा आणि कडा रंध्याने सरळ करा. दोन्ही कडा एकमेकींना भिडवून उजेडासमोर धरा. मधून प्रकाश दिसला तर अजून रंधा मारायचाय. मग गोंद लावून रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवा.

परत बसवताना चौकटीला गोंदाचा थेंबही नको. मधले स्क्रू घट्ट. कडेच्या स्क्रूंसाठी मात्र चौकटीत गोल भोकाऐवजी लांबट खाच, तीही फळीच्या रुंदीच्या दिशेने (उलट्या दिशेने केलीत तर उपयोग शून्य). वॉशर घालून बेतानेच पिळा.

एवढा खटाटोप नको असेल तर प्लायवूड घ्या. त्याचे थर एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून ते फारसं हलत नाही. दिसायला सपक, पण कामाचं.