रेंज नसलेल्या रानात मदत मागायची कशी?

प्रश्न : आठवडाभर एकटीनंच दुर्गम भागात ट्रेकला जाणार आहे. पीएलबी घेऊ की सॅटेलाइट मेसेंजर?

एकट्या जाताय, म्हणून मेसेंजर घ्या. पीएलबी, म्हणजे पर्सनल लोकेटर बीकन, कमी दर्जाचा आहे असं मुळीच नाही. तो ४०६ मेगाहर्ट्‌झवर कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय यंत्रणेच्या उपग्रहांना हाक देतो. या यंत्रणेमुळे १९८२ पासून लोकांचे जीव वाचत आले आहेत. पीएलबीला मासिक शुल्क नाही, बॅटरी वर्षानुवर्षं पडून राहिली तरी चालते आणि एकदा सुरू केला की किमान २४ तास सिग्नल जात राहतो. पण त्याला एकच वाक्य येतं : ‘वाचवा’. पाय मुरगळलाय, तंबूत सुखरूप आहे, फक्त एक दिवस उशीर होईल, हे त्याच्यावरून कळवता येत नाही. आणि रानातली बहुतेक संकटं याच जातीची असतात. गार्मिन इनरीचसारखा मेसेंजर इरिडियम या कंपनीच्या उपग्रहांवरून मजकूर पाठवतो आणि उत्तरही आणतो. शिवाय ट्रॅकिंग चालू ठेवलंत, तर बटण दाबायचीही शुद्ध उरली नाही तरी तुमचा शेवटचा ठावठिकाणा घरच्यांना दिसतो. त्याचं सबस्क्रिप्शन मात्र निघण्याआधी चालू करा आणि घरून एक मेसेज पाठवून बघा.

प्रश्न : माझ्या आयफोनमध्ये सॅटेलाइट एसओएस आहे. वेगळं यंत्र कशाला?

आयफोन १४ पासून ही सोय आली, पण ती ठरावीक देशांतच चालते. पडद्यावरच्या खुणेप्रमाणे फोन उपग्रहाच्या दिशेनं धरावा लागतो आणि दाट झाडीत जोडणी होईलच असं नाही. त्यातून तोच फोन तुमचा नकाशा, कॅमेरा आणि टॉर्चही. संध्याकाळी चार्जिंग किती उरतं ते तुम्हीच आठवा. जास्तीचा आधार म्हणून उत्तम, एकमेव आधार म्हणून नको.

प्रश्न : यंत्र सॅकमध्ये नेमकं कुठे ठेवावं?

सॅकमध्ये नकोच! ओढा ओलांडताना सॅक वाहून गेली तर? अंगावर, पट्ट्याला किंवा चेनच्या खिशात ठेवा. वापरताना अँटेना उभी आणि वर मोकळं आकाश हवं. अरुंद घळीत असाल आणि हलता येत असेल, तर आधी उघड्यावर या. थंडीत रात्री मेसेंजर स्लीपिंग बॅगमध्ये घ्या.

प्रश्न : परदेशात नेताना काही अडचण?

येऊ शकते. भारतासह काही देशांत परवानगीशिवाय सॅटेलाइट उपकरण जवळ बाळगल्यास अटकही होऊ शकते. तिकीट काढण्याआधी त्या देशाचा नियम बघा. पीएलबीची अधिकृत नोंदणीही करा. नाहीतर सिग्नल पोचेल, पण तो कुणाचा ते शोधण्यात वेळ जाईल.

प्रश्न : सगळंच बंद पडलं तर?

शिट्टी. मिनिटात सहा वेळा वाजवा, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. रात्री हेच टॉर्चनं करा. उत्तर मिनिटाला तीन खुणांचं येतं. ते आलं तरी माणसं प्रत्यक्ष पोचेपर्यंत खुणा देणं थांबवू नका.